दादासाहेब मरत नाहीत तोवर

आमच्या पेपराचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ते आठवतं त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना आठवत नाही त्यांना आता सांगून उपयोग नाही. नागपुरात महाल भागातल्या एका बोळात, खाली छापखाना आणि वर संपादकीय, असा त्याचा संसार होता. संपादक, मालक आणि एकमेव निष्ठावंत वाचक वामनराव हरकरे.

मी मुलाखतीला गेलो तेव्हा नवाकोरा बी.ए. होतो. काटोलकडच्या आमच्या गावात माझ्या आधी कोणी बी.ए. झालं नव्हतं; खरं तर आमच्या घरात मॅट्रिकही कोणी झालं नव्हतं. त्यामुळे डिग्रीचं भेंडोळं मी बरोबर घेऊन गेलो होतो. हरकऱ्यांनी त्याची दोरीसुद्धा सोडली नाही.

"विषय कोणता?"

"अर्थशास्त्र."

"अरे वा! म्हणजे हा पेपर काहून बुडून राहिला ते तुला समजेल." चिमटीतली तपकीर नाकाशी नेत ते म्हणाले, "समजलं तरी कोणाला सांगू नको. उद्यापासून ये."

पगाराचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. त्या छापखान्यात तो विषय अश्लील समजला जातो हे पुढे कळलं. माझं नावही त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांच्या लेखी 'बी.ए.' होतो. मला राग यायला हवा होता, पण ती हाक ऐकली की मान जरा ताठच व्हायची, हे कबूल केलं पाहिजे.

हरकरे दिसायला किडकिडीत. काळी टोपी, धोतर, आणि नागपूरचा मे महिना असो की काही, अंगात बंद गळ्याचा कोट. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. अग्रलेख डोक्यात जुळत असताना ते एकदा सायकलसकट एका टांग्याच्या घोड्यावर जाऊन आदळले होते. तेव्हापासून ते सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत. कोणी विचारलं तर म्हणत, "सोबत असते." इतर पेपर ते विकत घेत नसत. "शत्रूला दाणागोटा पुरवायचा नसतो." पण शत्रूनं काय छापलं ते तर कळायला पाहिजे, म्हणून रोज सकाळी न्हाव्याच्या दुकानात जाऊन दाढी करून घेत आणि तिथले सगळे पेपर फुकट वाचत. अख्ख्या महालात एवढी गुळगुळीत हनुवटी दुसरी नव्हती.

"आमचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारात होते," असं ते नव्या माणसाला हमखास सांगत.

"काय होते?" मी विचारलं होतं.

"होते," ते म्हणाले. विषय संपला.

लिहिताना त्यांचं मराठी कडक इस्त्रीचं. बोलताना मात्र नागपूरच बोलायचं. आणि धंद्याविषयी त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "पेपर चालण्यासाठी नसतो, बी.ए.; चालते ती चहाची टपरी. पेपर निघण्यासाठी असतो. सकाळी निघाला की आपलं काम झालं." समोरच्या टपरीवाल्याचं दुमजली घर झालं, आणि आमचा पेपर निघत राहिला.

पण हरकऱ्यांची खरी ओळख खालच्या मजल्यावर, मागच्या भिंतीपाशी होती.

त्या काळी पेपर म्हणजे शिशाचे खिळे. जुळारी एकेक अक्षर उचलून ओळ जुळवणार, छापून झालं की तीच अक्षरं सुटी करून आपापल्या खान्यात टाकणार, आणि उद्याची बातमी पुन्हा त्यांच्यातूनच उभी राहणार. खिळे कमी असतील तर मजकूर जुळवून नुसता ठेवून देणं परवडत नाही, हे कोणालाही कळेल. हरकऱ्यांनी मात्र मागच्या भिंतीपाशी एक लाकडी मांडणी केली होती, आणि तिच्यावर लोखंडी गॅल्यांमध्ये, म्हणजे उथळ तबकांमध्ये, सुतळीनं घट्ट बांधलेले, मृत्युलेख उभे होते. सगळे जिवंत माणसांचे. विदर्भातला कोणीही पुढारी सत्तरीकडे झुकला किंवा नुसता खोकला, की हरकरे वर बसून त्याचा मृत्युलेख लिहीत आणि खाली जुळवायला पाठवीत. जुळारी त्या मांडणीला 'वेटिंग रूम' म्हणत.

यामागे इतिहास होता. मी यायच्या आधी कधीतरी एक थोर पुढारी अचानक वारले. दुसऱ्या दिवशी इतर पेपरांत दोन ओळी, आणि आमच्याकडे पान भरून जीवनगाथा, कारण हरकऱ्यांनी ती आधीच लिहून ठेवली होती. त्या सकाळी लोक बोळाच्या तोंडापर्यंत उभे होते म्हणे. हरकऱ्यांनी आयुष्यात खप नावाची गोष्ट एकदाच पाहिली, आणि ती अशी पाहिली. त्यानंतर दुसरा कोणी शहाणा माणूस असता तर त्यानं बातमीदार वाढवले असते. हरकऱ्यांनी मरणारे वाढवले.

पुढाऱ्यांना मात्र ही घाई मान्य नव्हती. ते मरेनात. खिळे अडकून पडले. नवे घ्यायला पैसा नाही. फोरमन नामदेव रोज संध्याकाळी जिना चढून वर यायचा.

"साहेब, मथळ्याले मोठी अक्षरं नाहीत."

"गेली कुठे?"

"वेटिंग रूममंधी हायेत ना! अर्धी दादासाहेबांत अडकली, अर्धी अमरावतीवाल्यात."

"मग लहान मथळा दे."

"साहेब, लढाई जिंकली आपण! पाकिस्तान शरण आला! अन् लहान मथळा?"

"जिंकली ती जिंकलीच. अक्षर लहान केलं म्हणून ती हरत नाही."

तर बांगलादेशाच्या लढाईतला विजय आमच्या पेपरात देवी टोचून घेण्याच्या सूचनेएवढ्या अक्षरांत छापला गेला. दादासाहेबांची मोठी अक्षरं सुतळीत बांधलेली सुरक्षित राहिली.

आता दादासाहेब कोण, हे सांगितलं पाहिजे. नाव त्यांचंही सांगत नाही. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, नंतर सूतगिरणी, बँक, कॉलेजं अशा सगळ्यांचे अध्यक्ष झालेले, आणि एकदा अध्यक्ष झाल्यावर कुठूनही न उठलेले असे ते गृहस्थ. त्यांचा मृत्युलेख ही हरकऱ्यांची उत्तम कृती होती. मी तो वाचला होता. खरंच चांगला होता. तुरुंगातला भाग तर मी दोनदा वाचला होता. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं:

'बेचाळीस साली तुरुंगाला न भ्यालेले दादासाहेब पुढे खुर्ची सोडायला मात्र अखेरपर्यंत भीत राहिले.'

लढाईनंतरच्या एका वर्षी कागदानं सगळ्यांचाच गळा धरला. परदेशी कागद महाग झाला, सरकारनं कोटा कापला. शहरात काही हुशार मंडळी होती. त्यांनी कोट्याचा कागद छापायच्या भानगडीत न पडता कोराच विकायला सुरुवात केली. छापला की तोटा आणि कोरा विकला की फायदा, असा हा धंदा आमच्या अर्थशास्त्राच्या एकाही पुस्तकात नव्हता. हरकऱ्यांना हे जमणारं नव्हतं. त्यांनी पानं कापली. आठाची सहा झाली, सहाची चार. आधी सिनेमा गेला, मग बाजारभाव, मग राशिभविष्य. राशिभविष्य गेलं तेव्हा वाचकही गेले. निदान त्यांना पुढचं दिसलं असावं. अग्रलेख मात्र होता तेवढाच राहिला. चार पानांच्या पेपरात तो लहान खोलीतल्या मोठ्या पलंगासारखा दिसायचा.

गंमत अशी की कागद अगदीच नव्हता असं नाही. जिन्याखाली चांगल्या कागदाचे गठ्ठे ताडपत्रीनं झाकून ठेवलेले होते. त्यांना हात लावायचा नाही. ते दादासाहेबांच्या विशेष अंकासाठी राखून ठेवलेले.

"एकदा दादासाहेब गेले की बघ," हरकरे म्हणत, "काटोल, उमरेड, सावनेर, सगळीकडून मागणी येईल. पेपर उभा राहील."

म्हणजे हिशेब सरळ होता. खालच्या-वरच्या सगळ्या माणसांच्या चुली एका म्हाताऱ्याच्या मरणावर अवलंबून होत्या, आणि म्हाताऱ्याला साखर असूनही तो लग्नांमधून जिलबी खात हिंडत होता.

उरलेल्या अंकांचं काय व्हायचं? ते आमच्या घरी यायचे. माझे वडील काटोलच्या बाजारातून संत्री बाहेर पाठवीत, आणि पेटीत तणसाबरोबर रद्दी लागे. एकदा ते मला म्हणाले, "तुह्या पेपराले तोड नाही बाप्पा. बाकी पेपरायची शाई संत्र्याले लागते. तुहा पेपर कलकत्त्यापर्यंत जाते, पण संत्र सडत नाही."

मी हे मुद्दाम हरकऱ्यांना सांगितलं. म्हटलं, चिडतील, काही सुधारणा करतील. त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि विचारलं, "अग्रलेखाचं पान वर ठेवतात की खाली?"

मग दादासाहेब एकदाचे आजारी पडले. हृदयविकाराचा झटका. हरकऱ्यांच्या चालण्यात जोम आला. रोज संध्याकाळी ते सायकल सोबत घेऊन हॉस्पिटलात जायचे, दोन मोसंब्या उशाशी ठेवायचे, रोग्याकडे बारकाईनं पाहायचे, आणि परत येऊन नामदेवाला सांगायचे, "तयार राहा." नामदेव ताडपत्री झटकायचा. काही दिवसांनी ते परत आले ते सायकलीवर जवळजवळ टेकूनच.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"उठून बसले," हरकरे म्हणाले. "मोसंबी सोलून मागून राहिले."

बरं झाल्यावर दादासाहेबांनी पाहिलं की आजारपणात पोरं आली ती सह्या घ्यायला, संचालक आले ते खुर्ची रिकामी होते का पाहायला, आणि काही न मागता रोज येणारा माणूस एकच: हरकरे. म्हाताऱ्याचं मन भरून आलं. एके दिवशी त्यांची गाडी सरळ आमच्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"हरकरेजी, तुमच्या पेपराचं ऐकलं," खुर्चीवर बसता बसता ते म्हणाले. "चिंता करू नका. गिरणीच्या जाहिराती, बँकेच्या, कॉलेजच्या, सगळ्या वर्षभर तुमाले. अन् ते नवं मशीन निघालं ना, बिना खिळ्याचं, त्याले बँकेतून कर्ज देतो. पेपर मरू देत नाही मी तुमचा."

ज्याच्या मरणावर हरकऱ्यांनी पेपर जगवायचा ठरवला होता, तोच माणूस पेपर जगवायला आला होता. इतका वाईट पेच त्यांच्यावर कधी आला नव्हता.

"चला, छापखाना दाखवा," दादासाहेब उठले.

नामदेव मृत्युलेखांवर टाकायला पोतं शोधत धावला, पण तोवर म्हातारा खाली पोचला होता. तरी आम्ही निर्धास्त होतो. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. पुढाऱ्याला सुलटी वाचायची सवय नाही, तिथे उलटी काय वाचणार? दादासाहेब मांडणीपाशी थांबले, वाकले आणि हसले.

"बेचाळीसमंधी आपणच छापत होतो गा पत्रकं, गोठ्यात बसून. उलटं अक्षर वाचाले मले अजून चष्मा लागत नाही."

आणि ते वाचू लागले. नामदेव भिंतीला चिकटला. मी जिन्याची पायरी धरली.

"'महाराष्ट्र एका झुंजार सुपुत्राला मुकला.' हं." त्यांनी वर पाहिलं. "कधी मुकला?"

"तयारी असावी लागते, दादासाहेब," हरकरे म्हणाले. "धंदाच तसा आहे."

"बराबर हाय. कॉलम किती?"

"चार."

"अन् ह्या बाजूच्या अमरावतीवाल्याचे?"

"पाच."

"पाच? त्यानं केलं काय असं?"

"त्यांना पदं जास्त होती."

दादासाहेबांना ते पटलं नाही, पण ते पुढे वाचत राहिले. तुरुंगाच्या भागापाशी त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, सुटलो. मग रुमाल तसाच हातात राहिला.

"हे खुर्चीचं कोणी टाकलं?"

"आम्ही."

"काढून टाका. बाकी झकास हाय."

"ते राहील, दादासाहेब."

"एक वाक्य हाय फक्त."

"एकच आहे म्हणून राहील. ते काढलं तर बाकीचं कोणी काहून खरं मानेल?"

"मी सांगून राहिलो ना! माह्यावर लिहिलं, मीच सांगून राहिलो."

"मृत्युलेखात बदल सुचवायचा असेल तर वारल्यावर यावं," हरकरे शांतपणे म्हणाले. "आजवर कोणी आलेलं नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, एकदम मऊ झाला. "हरकरेजी," ते हळूच म्हणाले, "तुमी रोज दवाखान्यात येत होते. मले वाटलं, माणूस येऊन राहिला." मग काठी टेकत दाराशी गेले आणि वळून म्हणाले, "आठ दिवस घ्या. वाक्य काढलं की निरोप पाठवा. जाहिराती दुसऱ्या दिवशी सुरू."

ते आठ दिवस आम्ही सगळे हरकऱ्यांच्या मागे लागलो. नामदेव म्हणाला, "साहेब, तुमी वरच बसा. मी काढून टाकतो. तुमाले पाप नाही, अन् मले तेवढीच अक्षरं मोकळी होतीन." हरकऱ्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि बंद केली.

शेवटी मी माझी डिग्री कामाला लावली. म्हटलं, "यात अडचणच नाही. आता वाक्य काढा, जाहिराती घ्या. ते गेले की छापताना परत टाका. तेव्हा ते थोडेच पाहायला येणार आहेत?"

उपाय बिनतोड होता. आजही मला तो बिनतोडच वाटतो. हरकऱ्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"तू बी.ए. आहेस हे आज पटलं," ते म्हणाले. "माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या ताटात जेवायचं आणि मेल्यावर त्याच्या नावानं खडे फोडायचे. हे करायला पेपर कशाला पाहिजे? ते नातेवाईक करतात."

निरोप गेला नाही. जाहिराती आल्या नाहीत. आणखी काही महिने पेपर दोन पानांवर निघाला, म्हणजे एका कागदाच्या दोन बाजू, आणि एका बाजूवर अग्रलेख. मग एका सकाळी निघाला नाही. शेवटच्या अंकात बंद होत असल्याची सूचना नव्हती. "बातमी म्हणजे जी लोकांना माहीत नसते ती," हरकरे म्हणाले. "हे टपरीवाल्यालाही माहीत आहे."

जिन्याखालचे गठ्ठे एका वह्या बांधणाऱ्यानं नेले. मशीन गेलं. खिळे इतवारीतल्या मोडीच्या दुकानदारानं वजनावर घेतले. मृत्युलेखांच्या सुतळ्या कापून सगळी अक्षरं एका ढिगात ओतली, आणि विदर्भातले सगळे थोर पुरुष, सगळ्या पक्षांचे, आयुष्यात पहिल्यांदा एका तराजूत बसले. हरकरे कोटाच्या बाह्या सावरत उभे होते. दादासाहेबांची गॅली आली तेव्हा त्यांनी हात आडवा घातला, त्यातल्या तीन ओळी अलगद उचलल्या, सुतळीनं बांधल्या आणि खिशात टाकल्या.

"क्या रख लिया, पंडितजी?" दुकानदारानं विचारलं.

"एक वाक्य."

"ले जाइए, ले जाइए. एक वाक्य में क्या रखा है."

पुढे मी लेक्चरर झालो. कुठे, तर दादासाहेबांच्याच कॉलेजात. नागपुरात कॉलेज काढायचं दुसऱ्या कोणाला फारसं सुचलेलं नव्हतं. हरकरे मधूनमधून दिसत. सायकल सोबत असे. दाढी गुळगुळीत असे. "काय बी.ए., पगार वेळेवर होऊन राहिला ना?" एवढं विचारून पुढे जात. शहरात बिनखिळ्याचे पेपर आले. चकचकीत, फोटोंनी भरलेले, आणि अग्रलेख तळहाताखाली झाकला जाईल एवढा.

आणि दादासाहेब वारले. ऐंशीच्या पुढे जाऊन, निवांत, अध्यक्ष म्हणूनच. दुसऱ्या दिवशी पेपर जाड निघाले. त्यात गिरणीनं, बँकेनं, कॉलेजांनी आणि पोरांनी दिलेल्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीच पानंच्या पानं होत्या. मी शोधलं. ते वाक्य कुठेही नव्हतं. कसं असणार?

कॉलेजच्या हॉलात फोटोला हार घातला होता. समोर टेबलावर शोकसंदेशाची जाडजूड वही ठेवलेली. रांग फाटकापर्यंत गेली होती: आमदार, संचालक, प्राचार्य, कंत्राटदार. मी रांगेत होतो, आणि माझ्यापुढे चार-पाच माणसं सोडून तो बंद गळ्याचा कोट. टोपी विटलेली. सायकल फाटकाशी टेकून ठेवली असावी. एवढ्या मोठ्या माणसाकडे तिला आत कोण येऊ देणार?

त्यांची पाळी आली. प्राचार्यांनी पेन पुढे केलं. हरकऱ्यांनी ते घेतलं नाही. त्यांनी फोटोकडे पाहिलं, जसं हॉस्पिटलात पाहत तसं बारकाईनं, आणि हात जोडले. बराच वेळ जोडले. मग एका खिशातून रबरी शिक्क्यासाठी असतं तसलं शाईचं पॅड काढलं, दुसऱ्या खिशातून सुतळीनं बांधलेल्या तीन ओळी. खिळे पॅडवर दाबले, वहीच्या कोऱ्या पानाच्या डोक्यावर नेमके टेकवले आणि दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला. उचलून पाहिलं. एक-दोन अक्षरं फिकट उठली होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पानावर फुंकर घातली, खिळे रुमालानं पुसून खिशात ठेवले, आणि कोणाशी न बोलता बाजूच्या दारानं निघून गेले. चालायचे तसेच, एक हात जरा बाजूला धरून, जणू सायकल सोबतच आहे.

त्यांच्या मागचा संचालक घाईत होता. त्यानं त्या तीन ओळींखाली न वाचता सही ठोकली. मग आमदारांनी केली. मग कंत्राटदारानं, हुद्द्यासह. मी वाचून केली, एवढा फरक नोंदवून ठेवतो.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या नागपूरनं त्या वाक्याखाली सह्या केलेल्या होत्या.